मुसी ते गोदावरी : एका शहराच्या तहानेचा इतिहास

लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते. ‘माणसेच इतकी वाढली, तर पाणी पुरणार कुठून?’ नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागले की कोणीतरी हे वाक्य उच्चारतो आणि बाकीचे माना डोलावतात. शाळेच्या निबंधांतून ‘लोकसंख्येचा भस्मासुर’ आपण सर्वांनीच कधी ना कधी उभा केलेला आहे. दवाखान्याच्या भिंतीवरचा लाल त्रिकोण पाहत दोन पिढ्या वाढल्या. त्यामुळे जंगल तुटले, नदी नासली, विहीर आटली, तरी कारण शोधण्याची यातायात आपण करीत नाही. कारण तयारच असते : माणसे फार झाली.

हे वाक्य खोटे नाही. परंतु ते पुरेसे आहे का, हा खरा प्रश्न आहे. तो प्रश्न देशाच्या किंवा जगाच्या पातळीवर विचारला, तर उत्तरे आकड्यांच्या धुक्यात हरवतात. म्हणून एकच शहर घ्यावे आणि त्याच्या माणसांचा व पाण्याचा हिशेब शेजारी शेजारी मांडावा, असे मनात आले. त्यासाठी हैदराबाद निवडले, याला कारण आहे. मराठवाडा, बीदर, गुलबर्गा हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामी अंमलात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. कोर्टकचेरी, शिक्षण, नोकरी यांसाठी आपल्यातल्या कितीतरी घरांची वाट त्या शहराकडे गेली आणि अनेक घरे तेथलीच झाली. दुसरे कारण असे की, त्या शहराची तहान जसजशी वाढत गेली, तसतशी ती आपल्याच नद्यांच्या दिशेने सरकत आली.

माल्थसची सावली

आधी थोडे त्या ठरलेल्या वाक्याविषयी. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि मग दुष्काळ, रोगराई तिला आवर घालतात, हा सिद्धांत थॉमस माल्थस या इंग्रज पंडिताने १७९८ मध्ये मांडला. हाच माल्थस १८०५ पासून १८३४ मध्ये मरण पावेपर्यंत हेलीबरी येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात अध्यापक होता. हिंदुस्थानात कारभार करायला येणारे तरुण साहेब त्याच्या हाताखाली शिकून येत. पुढे येथे दुष्काळ पडले, लाखो माणसे मेली, तेव्हा धान्याची निर्यात, सारावसुली आणि मजुरीचे दर यांची झडती घेण्याऐवजी ‘माणसेच फार’ असे म्हणण्याची सोय राज्यकर्त्यांना आयती मिळाली.

याच प्रश्नाकडे पाहण्याची दुसरी दृष्टी महाराष्ट्रात होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. कर्व्यांचा भर डोकी मोजण्यावर नव्हता. बाईच्या शरीरावर बाईचा हक्क असावा आणि तिचे आरोग्य राखले जावे, यावर होता. पुढे सरकारी कार्यक्रमात ही दृष्टी मागे पडली आणि आकडा पुढे आला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत किती जबरदस्ती होती हे १९७७ च्या निवडणुकीने सांगितले. माणसांकडे केवळ संख्या म्हणून पाहिले की काय होते, याचा तो धडा होता. आता पाण्याकडे वळू.

तळ्यांचे राज्य

तेलंगण हा खडकाळ मुलूख. वर्षाला साधारण ऐंशी सेंटिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. खाली ग्रॅनाइटचा कातळ, त्यामुळे जमिनीत पाणी मुरायला जागा थोडी. अशा मुलखात वस्ती टिकवायची तर पावसाचे पाणी अडवण्याखेरीज मार्ग नव्हता. काकतीय राजांच्या काळात, तेराव्या शतकात, पाखाल आणि रामप्पा यांसारखे विशाल तलाव बांधले गेले, ते आजही आहेत. मोठ्या तलावाला तेलुगूत चेरुवू म्हणतात, लहानाला कुंटा. उताराच्या कलाने एकाखाली एक अशी ही तळी असत. वरचे भरले की सांडव्यावरून पाणी खालच्यात उतरे. मधले एक तळे बुजवले तर खालच्याचे पोट रिकामे राहणार आणि वरच्याचे पाणी वाट फुटेल तिकडे धावणार, हे प्रत्येक गावाला ठाऊक होते. आपल्याकडे पाटकरी असतो, तसा तेथे पाणी सोडणारा नीरडी असे आणि त्याला गावच्या पिकात वाटा मिळे.

गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीने हीच रीत पुढे चालवली. इब्राहीम कुली कुतुबशहाच्या कारकिर्दीत, १५६२-६३ च्या सुमारास, हुसेनशाह वली यांच्या देखरेखीखाली हुसेनसागर बांधला गेला. हैदराबाद शहराची स्थापना १५९१ ची. म्हणजे येथे शहर वसण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी तलाव होता. आज आपण आधी वसाहत बांधतो आणि मग टँकर मागवतो. त्या काळचा क्रम उलटा होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाचा दिवाण मीर आलम याच्या नावाने जुन्या शहराच्या पश्चिमेला तलाव झाला. त्याचा बांध सरळ नाही. २१ अर्धवर्तुळाकार कमानी पाण्याच्या बाजूला पोट करून ओळीने उभ्या आहेत. जुन्या शहराने पुढची शंभर वर्षे त्याचे पाणी प्यायले.

१९०८ चा महापूर

१९०१ च्या जनगणनेत हैदराबादची वस्ती साडेचार लाखांच्या आसपास होती. आजच्या मानाने हे शहर लहानच. तरीही २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने जो प्रलय घडवला, तसा त्या शहराने आधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. अफझलगंज, कोलसावाडी, घांसी बाजार हे मोहल्ले वाहून गेले. सुमारे १५ हजार माणसे दगावली, असे मानले जाते. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेली दीडशे माणसे वाचली. ते झाड पुढे कितीतरी वर्षे लोक एकमेकांना दाखवीत असत. मराठी मंडळींची विवेकवर्धिनी शाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष-दीड वर्ष झाले होते.

सहावे निजाम महबूब अली खान यांनी पुराचे कारण आणि उपाय शोधण्यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. विश्वेश्वरय्या हे मुंबई सरकारच्या चाकरीत वाढलेले अभियंते. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर त्यांनी १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले होते. १९०९ मध्ये ते हैदराबादेत आले आणि शहरात बसून न राहता नदीच्या वरच्या अंगाला गेले. तेथे त्यांना आढळले की, सुमारे ८६० चौरस मैलांच्या पाणलोट क्षेत्रात ७८८ तळी आहेत. म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलाला एक. त्यांतली २२१ तळी त्या अतिवृष्टीत फुटली होती. एका तळ्याचे पाणी दुसऱ्यावर, दोघांचे तिसऱ्यावर, अशी माळ तुटत गेली आणि पावसाच्या पाण्यात तळ्यांचे पाणी मिसळून शहरावर आले.

ही गोष्ट नीट लक्षात घेण्याजोगी आहे. तो पूर वाढत्या लोकसंख्येने आणलेला नव्हता. पाऊस अस्मानी होता, परंतु हानी कशी झाली हे पाहू गेल्यास बांधांची ताकद आणि नदीच्या पात्रालगत चढत गेलेली घरे या दोन गोष्टी समोर येतात. पाच लाखांच्या आतले शहरही नदीला चुकीच्या जागी भिडले, तर इतकी माणसे गमावू शकते.

गंडीपेटचे पाणी

विश्वेश्वरय्यांनी सुचवलेला उपाय सोपा आणि दूरदर्शी होता. शहराच्या वर, मुसीवर एक आणि तिच्या ईसी या उपनदीवर एक, असे दोन जलाशय बांधावेत. पुराचे पाणी त्यांत धरावे आणि तेच पाणी वर्षभर शहराला प्यायला द्यावे. मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. एक सातव्या निजामाच्या नावाचा, दुसरा त्याच्या थोरल्या मुलाच्या. उस्मानसागराला लोक गंडीपेट म्हणतात. हा जलाशय शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पाणी आपल्या पायांनी चालत शहरात येई. पंप नको, वीज नको. ‘गंडीपेटचे पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही’ असे तेथले जुने लोक म्हणत.

या काळात माणसांच्या आकड्याचे काय झाले? १९११ मध्ये शहराची वस्ती पाच लाख होती. १९२१ मध्ये ती चार लाखांवर आली. प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांनी ही घट घडवली. म्हणजे उस्मानसागर भरला त्या साली शहरात दहा वर्षांपूर्वीपेक्षा माणसे कमी होती. दोन्ही जलाशयांची क्षमता मिळून सुमारे ६.९ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. आजच्या सरकारी मापाप्रमाणे दरडोई रोज १३५ लिटर दिले, तरी पाच लाख माणसांना वर्षाला एक टीएमसीदेखील लागत नाही. बाष्पीभवन, गळती आणि कोरडी वर्षे जमेस धरूनही त्या पिढीने पुढच्या दोन-तीन पिढ्यांची सोय करून ठेवली होती.

मांजरेकडे

मग शहर वाढले. १९५१ मध्ये वस्ती अकरा लाखांच्या घरात पोचली. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना होऊन हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. राजधानीबरोबर कचेऱ्या आल्या, त्यांच्यापाठोपाठ सार्वजनिक क्षेत्रातले मोठे कारखाने आले. दोन सागर अपुरे पडू लागले आणि साठच्या दशकात शहराने पहिल्यांदा आपल्या पाणलोटाबाहेर हात घातला. साठेक किलोमीटरवर संगारेड्डीजवळ मांजरेचे पाणी अडवून ते शहरात आणले गेले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी त्याच नदीवरच्या सिंगूर धरणाचे पाणी त्यात जमा झाले.

ही मांजरा आपल्याला परकी नाही. ती बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. धनेगावच्या धरणात थांबून लातूरची तहान भागवते, बीदर जिल्ह्यातून पुढे जाते आणि तेलंगणात शिरताच तिचे नाव मंजिरा होते. अखेर कंदकुर्तीपाशी ती गोदावरीला मिळते. एकाच नदीला तीन राज्ये आणि तीन भाषा. जिल्हे बदलले, सरकारे बदलली, पण वर लातूरने किती उपसले आणि खाली हैदराबादने किती मागितले, हा हिशेब एकाच पात्रात होत राहिला.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडली. पाणी दुरून येऊ लागल्यावर जवळच्या पाण्याची किंमत उतरली. पटनचेरूला औद्योगिक वसाहत झाली. तिचे रासायनिक सांडपाणी नक्कावागू ओढ्यातून थेट मांजरेच्या खोऱ्यात उतरले. तो वाद १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कुकटपल्लीच्या नाल्याने कारखान्यांची आणि वस्त्यांची घाण हुसेनसागरात आणली. ज्या तलावाचे पाणी एके काळी शहर पीत असे, त्याच्या काठावरून नाक दाबून जाण्याची वेळ आली. आणि लहान तळ्यांची तर नावेच उरली. मासाब टँक या भागातून रोज हजारो माणसे ये-जा करतात. हयात बख्शी बेगम, म्हणजे ‘माँ साहेबा’, हिच्या नावाचा तो तलाव होता, आणि ‘टँक’ म्हणजे खरोखरच पाण्याचे तळे होते, हे त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात येत असेल?

कृष्णा आणि गोदावरी

१९९१ मध्ये उपनगरांसह हैदराबादची वस्ती ४३ लाखांवर गेली, २०११ मध्ये ७७ लाखांवर. आज ती कोटीच्या पलीकडे धरतात. २००४ मध्ये नागार्जुनसागराच्या अंगाने कृष्णेचे पाणी आले, २०१५ च्या अखेरीस येल्लमपल्लीहून गोदावरीचे. कृष्णेची वाहिनी शंभर किलोमीटरहून लांब, गोदावरीची दीडशेहून अधिक. लांबीपेक्षाही उंची महत्त्वाची आहे. हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे. नागार्जुनसागर तुडुंब भरला तरी त्याची पातळी १८० मीटर. म्हणजे कृष्णेचा प्रत्येक हंडा तीनशे मीटरहून अधिक चढवावा लागतो, आणि तोही रात्रंदिवस विजेच्या जोरावर. गंडीपेटचे पाणी चालत येत होते. हे पाणी खांद्यावर वाहून आणावे लागते.

मांजरा बीडच्या डोंगरातली, कृष्णा महाबळेश्वरची, गोदावरी त्र्यंबकेश्वरची. हैदराबादच्या नळाला आज ज्या तीन नद्यांचे पाणी येते, त्या तिघींचा उगम महाराष्ट्रात आहे. याचा अभिमान धरावा असे त्यात काही नाही, तक्रार करावी असेही नाही. नदी उगमाच्या मालकीची नसते. पण पाणी आणले तितके कुठेतरी सोडावेही लागते, याचा विचार केला पाहिजे. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात. हैदराबादचे ते सारे पाणी मुसीत जाते. पूर्वी पावसाळा सरला की मुसी बारीक होई. आता ती बाराही महिने वाहते, पण वाहते ते शहराचे मोरीचे पाणी. शहराच्या खालच्या गावांतले शेतकरी त्याच पाण्यावर भात आणि जनावरांसाठी गवत पिकवतात, कारण त्यांच्या वाट्याला दुसरे पाणी नाही. पुढे वाडपल्लीपाशी मुसी कृष्णेला मिळते. गोदावरीचे पाणी मध्ये एक शहर ओलांडून, काळे होऊन, कृष्णेत उतरते. दोन नद्यांचा असा संगम आपल्या कोणत्याही पुराणात सांगितलेला नाही.

कोरडे वर्ष आणि ओले वर्ष

या सगळ्याची परीक्षा दोन वर्षांनी घेतली. पहिले २०१६. लागोपाठच्या दुष्काळाने मांजरेचे खोरे वरपासून खालपर्यंत कोरडे पडले. धनेगावचे धरण आटले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. त्याच हंगामात खाली सिंगूर आणि मांजरा बंधारा कोरडे ठणठणीत झाले. उस्मानसागर, हिमायतसागरही आटले. हैदराबाद तरले ते कृष्णा आणि गोदावरीच्या वाहिन्यांवर. म्हणजे त्या उन्हाळ्यात मांजरेकाठच्या लातूरने कृष्णाकाठचे पाणी रेल्वेने आणून प्यायले आणि मांजरेवर विसंबलेल्या हैदराबादने कृष्णेचे पाणी नळाने प्यायले. फरक इतकाच की, राजधानीजवळ नळ होता आणि जिल्ह्याच्या गावाजवळ नव्हता.

दुसरे वर्ष २०२०. ऑक्टोबरच्या १३ तारखेच्या रात्री हैदराबादेत मुसळधार पाऊस झाला. तळ्याचा बांध फुटला आणि खालच्या वसाहतींत पाणी शिरले. राज्यात पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. यापूर्वी ऑगस्ट २००० मध्येही एका दिवसाच्या पावसाने शहर असेच बुडवले होते. दोन्ही वेळी पाणी शिरले ते प्रामुख्याने जुन्या तळ्यांच्या पोटात आणि ओढ्यांच्या वाटेवर बांधलेल्या घरांत. विश्वेश्वरय्यांनी शंभर वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली तळ्यांची माळ जमिनीवरून पुसली गेली होती, तरी पाण्याच्या स्मरणातून गेली नव्हती.

मग दोष कोणाचा?

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. माणसे वाढली म्हणून पाणी पुरेनासे झाले का? काही अंशी होय, आणि हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एक कोटी माणसांना दरडोई १३५ लिटर द्यायचे तर वर्षाला सुमारे साडेसतरा टीएमसी पाणी लागते. दोन्ही सागर काठोकाठ भरले तरी त्याच्या निम्मेही भरत नाही. हुसेनसागर स्फटिकासारखा स्वच्छ राहिला असता, तरी कोटीभर माणसांसाठी बाहेरचे पाणी आणावेच लागले असते. संख्येला वजन आहे.

पण संख्या एवढे एकच उत्तर देते. बाकीच्या प्रश्नांना ती गप्प बसते. मासाब टँक बुजला, त्याने एकाही माणसाची तहान भागली नाही. नक्कावागूत रसायने सोडली गेली, ती माणसे जास्त होती म्हणून नव्हे. शुद्धीकरणाचा खर्च वाचत होता म्हणून. तळ्याच्या पोटात झोपडी बांधणारा गरीब सर्वांच्या डोळ्यांवर येतो, परंतु तेथे आराखडा मंजूर करून घेऊन उभे राहिलेले मजले आणि मंगल कार्यालये कोणी मोजत नाही. १९९६ मध्ये सरकारने एक चांगले पाऊल टाकले होते. १११ क्रमांकाच्या आदेशाने दोन्ही सागरांच्या भोवतालच्या दहा किलोमीटर टापूत, ८४ गावांत, कारखाने, मोठी हॉटेले आणि निवासी वसाहती यांना बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये या संरक्षणाची बाजू उचलून धरली. २०२२ मध्ये मात्र नव्या आदेशाने हे निर्बंध उठवण्यात आले. या सागरांच्या पाण्यावर आता शहर विसंबून नाही, हे त्यासाठी दिलेले कारण होते. दूरच्या पाण्याने जवळच्या पाण्याचा जीव कसा घेतला, हे याहून स्पष्ट कागद सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तेलंगणात दर स्त्रीमागे सरासरी १.८ अपत्ये आहेत. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात १.७. लोकसंख्या पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहायला हा आकडा साधारण २.१ असावा लागतो. म्हणजे आपल्या तिन्ही राज्यांत पाळणे आता आधीच कमी हलत आहेत. शहर वाढते ते मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांमुळे. आणि ती माणसे येतात, कारण मागे त्यांच्या गावचे तळे गाळाने भरले आहे, विहीर कोरडी आहे आणि शेतावर पोट भरत नाही. गावचे पाणी गेले म्हणून माणूस शहरात आला. शहराला माणसे झाली म्हणून दूरच्या गावाची नदी उपसली. ती उपसली म्हणून तेथला माणूस शहराकडे निघाला. या फेऱ्यात ‘माणसे फार’ हे कारणही आहे आणि परिणामही. लाल त्रिकोणाने हा फेरा तुटणारा नव्हता, तुटलाही नाही.

आपल्यापुरते

हैदराबाद मोठे शहर आहे. त्याला तीनशे मीटर उंच पाणी चढवणे परवडते. आपली गावे तशी नाहीत. बीदरला बहामनी काळातले भुयारी कालवे, करेज, आहेत. त्यांतल्या नौबादच्या करेजेतला गाळ अलीकडच्या काळात काढला गेला, तेव्हा आत अजून पाणी वाहते हे दिसले. किल्ल्याचा खंदक, देवळाची पुष्करिणी, कॅन्टोन्मेंटचा तलाव, वेशीबाहेरचे धोब्याचे तळे, यांतले काही ना काही आपल्या प्रत्येक गावाला आहे. नव्या जलवाहिनीचे भूमिपूजन होते त्या दिवशी एक प्रश्न विचारायला हवा : ही आल्यावर जुन्या तळ्याचे काय करणार? त्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, त्याला पाणी आणणारे ओढे कुठून येतात आणि त्यांच्यावर आज काय उभे आहे? नगरपालिकेच्या बैठकीत मराठीत विचारा, कन्नडात विचारा, तेलुगूत विचारा. दुभाषी मुलखात राहणाऱ्या आपल्याला ती सोय आहे.

हैदराबादच्या अंबरपेट भागात बतुकम्मा कुंटा नावाचे एक तळे होते. बतुकम्मा हा तेलंगणातल्या बायकांचा नवरात्रातला सण. आपल्या भोंडल्यासारखा फेर धरून गाणी म्हणायची आणि फुलांच्या उतरंडी पाण्यात सोडायच्या. त्या फुलांसाठी ज्याला नाव मिळाले, तेच तळे भराव टाकून बुजवले गेले होते. २०२५ मध्ये महानगराच्या यंत्रणेने तो भराव उपसला. खणताना फार खोल जावे लागले नाही. थोडक्या खोलीवर पाणी लागले. त्या वर्षीच्या नवरात्रात तेथे पुन्हा बतुकम्मा झाली. हे तळे लहान आहे. कोटीभर माणसांच्या तहानेपुढे त्याचे पाणी कोणी मोजणारही नाही. पण पुढच्या मोठ्या पावसात अंबरपेटचे जेवढे पाणी त्या कुंट्यात थांबेल, तेवढे कोणाच्या तरी घरात शिरणार नाही.